फ्री-कटिंग स्टेनलेस आणि गंधकाचा जमाखर्च



ज्या द्रव्याला घालवून देण्यासाठी पोलाद करणाऱ्यांच्या पिढ्यान् पिढ्या खपल्या, तेच द्रव्य त्यांच्या वंशजांनी एके दिवशी काट्यावर तोलून, बुद्धिपुरस्सर, भट्टीत टाकावे, आणि असे ‘बिघडविलेले’ पोलाद चढ्या भावाने विकले जावे, हा प्रकार धातुशास्त्राच्या इतिहासात विरळाच म्हटला पाहिजे. ते द्रव्य म्हणजे गंधक. आणि ते पोलाद म्हणजे आपल्या कारखान्यांतून ज्याला सरसकट ‘फ्री-कटिंग स्टेनलेस’ किंवा नुसते ‘तीनशे तीन’ म्हणतात ते. ज्या अध्यापकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आपली हयात लेथच्या कडेला उभे राहून मुलांना कर्तनविद्या शिकविण्यात घालविली. तेव्हा काव्यशास्त्रविनोद सोडून हा रुक्ष विषय मी काढला, याबद्दल निदान त्यांची तक्रार नसती. माझे प्रतिपादन आरंभीच मांडून ठेवतो. या पोलादाचा जो गुण टर्नरला सकाळी दिसतो आणि जो दोष गिऱ्हाइकाला पुढच्या पावसाळ्यात दिसतो, त्या दोहोंचे मूळ एकाच कणात आहे. आणि नफा एकाच्या वहीत व तोटा दुसऱ्याच्या वहीत पडत असल्यामुळे या कणाचा खरा जमाखर्च सहसा कोणी एकत्र मांडीत नाही.

गंधकाशी असलेले वैर प्रथम समजून घेऊ. लोखंडात गंधक मोकळे राहिले तर त्याचे लोखंडाशी संयुग होते, आणि ते संयुग लोखंडाबरोबर मिळून सुमारे ९८८ अंश सेल्सिअसलाच वितळते. पोलाद घडविण्याचे तापमान याहून पुष्कळ वर असल्यामुळे, घण पडतो तेव्हा धातूचे दाणे घट्ट असले तरी दाण्यांच्या सीमांवरचा हा पातळ रस त्यांना एकमेकांपासून सोडवितो, आणि लालभडक गोळा निखळून पडतो. १८५६ साली बेसेमरने पोलाद करण्याची आपली कृती जाहीर केली तेव्हा तिच्या वाट्याला आलेल्या अपयशांमागचे एक कारण हेच होते. आणि त्यावरचा इलाज रॉबर्ट मुशेट याच्या मँगनीजयुक्त लोखंडाने झाला. मँगनीज हे लोखंडापेक्षा गंधकाला अधिक आवेगाने धरते, आणि दोघांचे जे मँगनीज सल्फाइड होते ते सोळाशे अंशांच्या आसपास जाईपर्यंत वितळत नाही. म्हणजे गंधक हद्दपार झाला नाही, तर मँगनीजच्या जामिनावर पोलादातच राहिला. पुढे स्क्रू आणि नट कातणाऱ्या कारागिरांच्या ध्यानात आले की गंधक जरा जास्त असलेल्या बेसेमर पोलादाच्या सळया अधिक सुखाने कापल्या जातात. शास्त्रज्ञांना कारण कळण्यापूर्वी गुण कारागिराला कळला होता, आणि पुष्कळदा असेच घडते.

स्टेनलेसचा जन्म याच्या बराच नंतरचा. जर्मनीत एसेन येथे क्रुप कंपनीत श्ट्राउस आणि माउरर यांनी १९१२ मध्ये क्रोमियम-निकेल पोलादाची एकस्वे घेतली. इकडे शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्ली हा बंदुकीच्या नळ्या आतून झिजतात त्यावर उपाय शोधीत असता ऑगस्ट १९१३ मध्ये १२.८ टक्के क्रोमियम आणि ०.२४ टक्के कार्बन असलेले पोलाद त्याच्या हाती लागले. सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी नमुन्यावर आम्ल लावावे लागते; या नमुन्यांवर ते नेहमीसारखे चढेना, आणि त्यातून पुढचा इतिहास घडला. बंदुका मागे राहिल्या आणि सुऱ्या-काटे पुढे आले. (गंमत अशी की आज नेमबाजीच्या स्पर्धांतील रायफलींच्या नळ्या पुष्कळदा, पुढे ज्याची ओळख होईल त्या ४१६ वर्गातल्या, पण गंधक आवरून धरलेल्या स्टेनलेसच्या असतात, म्हणजे ब्रिअर्लीचा मूळ मामला उशिरा का होईना निकालात निघाला.)

परंतु या नव्या पोलादाने टर्नरला मात्र रडविले. त्यातही १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असलेली जी जात आज ३०४ या अंकाने ओळखली जाते, तिची तऱ्हा विलक्षण आहे. ती मऊ आहे म्हणून कापायला सोपी असेल असे वाटते, आणि तेथेच नवशिका फसतो. टूल तिच्यावर घासले की घासलेला थर तत्काळ कठीण होतो, आणि पुढचा काप त्या कठीण थराच्या खालून घेतला नाही तर टूलचे तोंड गेलेच म्हणून समजा. उष्णता वाहून नेण्यात ती मंद. साध्या पोलादाचा वाहकतेचा आकडा पन्नासाच्या घरात असेल तर हिचा सोळाच्या आसपास, त्यामुळे कापताना निघालेली उष्णता जॉबमध्ये पसरून न जाता टूलच्या टोकाशीच साचते. धातू चिवट असल्यामुळे त्याचे कण टूलच्या धारेवर चिकटून तेथे एक खोटी धार तयार होते आणि ती निखळताना जॉबचा पृष्ठभाग ओरबाडून नेते. आणि चिप? ती तुटतच नाही. हातभर, वावभर लांब, करवतीसारख्या कडांची, निळसर झाक आलेली चिप चकभोवती गुंडाळत जाते, आणि ऑटोमॅटिक यंत्रावर, जेथे एक माणूस चार यंत्रे सांभाळतो, तेथे तिला आकड्याने ओढून काढण्यासाठी दर थोड्या वेळाने यंत्र बंद करावे लागते. ट्रॉबसारख्या ऑटोमॅटिक लेथवर काम केलेल्या माणसाला या वर्णनात अतिशयोक्ती वाटणार नाही. त्याच्या बोटांवरचे व्रण साक्षीला असतात.

यावर तोडगा अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या रेडिंग येथील कार्पेंटर स्टील कंपनीने १९२८ च्या सुमारास काढला, आणि तो म्हणजे जुन्या वैऱ्याला बोलावणे पाठविणे. साध्या ३०४ मध्ये गंधक ०.०३ टक्क्यापेक्षा अधिक चालत नाही. ३०३ मध्ये तो ०.१५ टक्क्यापेक्षा कमी चालत नाही. एकाच मूलद्रव्यावर एका जातीत कमाल मर्यादेचा हुकूम आणि दुसरीत किमान मर्यादेचा, ही एक गोष्ट प्रमाणग्रंथ वाचताना ध्यानात ठेवली तरी निम्मा विषय कळला. प्रत्यक्षात सळईत गंधक पाव टक्क्यापासून ०.३५ टक्क्यापर्यंत असतो. ०.३ टक्के गंधक धरला, तर त्याचे मँगनीज सल्फाइड वजनाने सुमारे ०.८ टक्के होते. आणि ते पोलादाच्या मानाने निम्म्या घनतेचे असल्यामुळे आकारमानाने दीड टक्क्याच्याही वर जाते. एवढा परकी मुलूख पोटात घेऊन हे पोलाद बाजारात येते. हीच युक्ती क्रोमियमच्या साध्या जातींतही केली जाते: १३ टक्क्यांच्या आसपास क्रोमियम असलेल्या, पाणी देऊन कठीण होणाऱ्या ४१० मध्ये गंधक घातला की ४१६, आणि १७ टक्क्यांच्या ४३० मध्ये घातला की ४३०एफ. गंधकाऐवजी सेलेनियम घालण्याचीही रीत होती व आहे; पृष्ठभाग तिने अधिक सुबक येतो, परंतु सेलेनियम विषारी आहे आणि स्वस्तही नाही.

आता हा कण आत काय करतो ते पाहू. टूलच्या पुढे धातू जेथे सरकत-फाटत जातो त्या चिंचोळ्या पट्ट्यात हे मऊ सल्फाइडचे कण धातूची सलगता तोडतात. तेथे सूक्ष्म भेगा पडतात आणि चिप वळता वळता तुटते. तुटलेली चिप इंग्रजी सहा किंवा नऊच्या आकड्याएवढी व तशाच वळणाची असते, आणि ती ट्रेमध्ये खळखळत पडते तो आवाज ज्याने ऐकला आहे त्याला पोलादाची जात विचारावी लागत नाही. शिवाय सल्फाइडचा एक पातळ लेप टूलच्या माथ्यावर पसरून वंगणाचे काम करतो. जुन्या अमेरिकन मोजमापात बी-१११२ या पोलादाची कर्तनसुलभता शंभर धरली तर ३०४ ची पंचेचाळीसच्या आसपास येते आणि ३०३ ची पंचाहत्तरच्या पुढेमागे. या आकड्यांना वेदवाक्य मानू नये, कारण टूल, वेग, कूलंट यांनुसार ते हलतात; पण हजारोंनी नग काढणाऱ्या कारखान्याच्या ताळेबंदात एवढा फरक म्हणजे काय, हे मी सांगण्याची गरज नाही. आणखी एक गुण अलाहिदा नमूद केला पाहिजे. ३०४ चा नट ३०४ च्याच बोल्टवर घट्ट पिळला तर पुष्कळदा दोघे एकमेकांना असे चावतात की शेवटी करवत आणावी लागते. ३०३ मध्ये तेच सल्फाइड मध्ये असल्यामुळे ही चावाचावी कमी होते.

येथपर्यंत जमेची बाजू झाली. खर्चाच्या बाजूतील किरकोळ रकमा भराभर सांगून टाकतो: वेल्डिंग करू जाता जोड थंड होताना तडकण्याची धास्ती असते, म्हणून वेल्ड करावयाचे भाग या पोलादाचे करू नयेत, सळई लांबीच्या दिशेने ओढली तर बळकटीत फारसा फरक दिसत नाही, परंतु आडवी ताणली तर चिवटपणात दिसतो, थंड अवस्थेत फार वाकविणे किंवा ठोकून डोके काढणे तिला मानवत नाही. मोठी रक्कम गंजाची, आणि तिच्यापाशी आपल्याला थांबावयाचे आहे.

स्टेनलेस गंजत नाही याचे श्रेय त्याच्या अंतरंगाला देण्याची आपली सवय आहे. वस्तुतः ते श्रेय त्याच्या त्वचेचे आहे. क्रोमियम साडेदहा टक्क्यांच्या वर गेले की हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावून पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडने समृद्ध असा एक अदृश्य पापुद्रा धरतो, आणि त्याची जाडी एक ते तीन नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या दशलक्षांश भागाच्या एक ते तीन पट, एवढीच असते. ओरखडा पडला तर तो क्षणार्धात पुन्हा धरतो. या स्वयंपूर्ततेतच त्याची सारी किमया आहे. आता या तीन नॅनोमीटरच्या पापुद्र्याशेजारी काही मायक्रॉन रुंद आणि रुंदीच्या कित्येक पट लांब असा सल्फाइडचा कण पृष्ठभागावर उघडा पडलेला कल्पना करा. पापुद्र्याच्या जाडीच्या हजारपट रुंदीचे ते भगदाड आहे, कारण सल्फाइडवर क्रोमियमचा पापुद्रा धरत नाही. कोरड्या हवेत याने काही बिघडत नाही. परंतु मिठाचा अंश असलेले पाणी, म्हणजे क्लोराइड, तेथे पोहोचले की सल्फाइड विरघळू लागते; त्यातून गंधकाची जी संयुगे सुटतात ती शेजारच्या उघड्या पोलादावर नवा पापुद्रा धरू देत नाहीत; कण गेला की त्याच्या जागी एक अरुंद खळगा राहतो; खळग्यात बाहेरचे पाणी खेळत नाही, धातूचे आयन आत साचून पाण्याचे आम्ल करतात, आम्लाला तोल देण्यासाठी बाहेरून आणखी क्लोराइड आत ओढला जातो, आणि आम्ल जितके तीव्र होते तितके धातूचे विरघळणे वाढत जाते. एकदा हे चक्र सुरू झाले की ते आपल्याच जोरावर चालते. बाहेरून टाचणीच्या टोकाएवढा तांबूस ठिपका दिसतो, आणि आत पोखरलेली गुहा असते.

यातला आरंभीचा क्षण नेमका कसा घडतो, यावर विद्वानांत अद्याप एकवाक्यता नाही. लंडनच्या इम्पीरिअल कॉलेजातील संशोधकांनी २००२ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात असा पक्ष मांडला की सल्फाइडच्या कणाभोवती पोलादातच क्रोमियम उणावलेली एक कडा असते आणि गंज तेथून सुरू होतो. इतरांनी तपासले तेव्हा प्रत्येक नमुन्यात अशी कडा आढळली नाही, आणि वाद राहिला. कारखान्याच्या दृष्टीने मात्र निर्णय दोन्ही पक्षी एकच आहे: कण हाच गुन्ह्याचा मुद्देमाल. कणाचे रसायन बदलले तर गुन्हाही सौम्य होतो, ही त्यातली उपयोगी बाब. पोलादात मँगनीज कमी ठेवले तर सल्फाइडमध्ये त्याची जागा काही अंशी क्रोमियम घेते, आणि असे क्रोमियमयुक्त सल्फाइड क्लोराइडला सहजी दाद देत नाही. परंतु ते कठीणही असल्यामुळे टर्नरला मिळणारे सुख तेवढ्या प्रमाणात आटते. दिले-घेतले तेथेही बरोबरीत सुटते.

ज्याला हे डोळ्यांनी पाहावयाचे असेल त्याने प्रयोगशाळेची वाट पाहू नये. मालवण, रत्नागिरी, हर्णै अशा एखाद्या बंदरालगत ३०३ चा एक गोल तुकडा, दोन्ही तोंडे साफ कातून, एका पावसाळ्यापुरता खिडकीच्या बाहेर ठेवावा. सळईच्या बाजूवर ठिपके थोडे आणि विखुरलेले दिसतील. कातलेल्या तोंडावर मात्र तांबूस पुरळ उठलेली असेल. कारण सळई लाटताना सल्फाइडचे मऊ कण लांबीच्या दिशेने धाग्यांसारखे ताणले जातात. बाजूने पाहिले तर धागा आडवा पडलेला, आणि तोंडाकडून पाहिले तर हजारो धाग्यांची टोके उघडी. ओंडक्याची साल पाणी बाहेर ठेवते आणि कापलेले तोंड पाणी पिते, तसाच हा प्रकार आहे. आडवे भोक पाडले, आटे कातले, खाच घेतली, की प्रत्येक ठिकाणी अशी टोके उघडी पडतात. आणि फ्री-कटिंग पोलाद घ्यावयाचे ते तर भोके, आटे आणि खाचा पुष्कळ घेता याव्यात म्हणूनच.

एक प्रकरण मला ठाऊक आहे. कारखान्याचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही. खाऱ्या पाण्याच्या झडपांचे दांडे करावयाचे होते. आराखड्यावर ३१६ लिहिले होते, म्हणजे ज्यात दोन टक्क्यांच्या वर मॉलिब्डेनम असते आणि क्लोराइडशी झुंजण्यासाठीच जे योजिले जाते ते पोलाद. काम घेतलेल्या माणसाने, टूल फार जातात, दर परवडत नाही, असा अर्ज केला आणि ‘समकक्ष स्टेनलेस’ वापरण्याची परवानगी मागितली. खरेदी खात्याने दफ्तरी शेरा मारून ती दिली. समकक्ष म्हणून ३०३ आले. दांडे चकचकीत झाले, मापात बसले, रुजू झाले. काही महिन्यांनी दांड्यांच्या आट्यांत आणि पिनेच्या भोकांत गंज धरला, पॅकिंग फाटले आणि झडपा गळू लागल्या. पंचनाम्यात ‘निकृष्ट माल’ असे शब्द पडले, ते मात्र अन्यायाचे होते. माल त्याच्या दाखल्याबरहुकूम निर्दोष होता. क्रोमियम, निकेल जेवढे हवे तेवढे होते. ज्याला कापण्याचा खर्च वाचवावयाचा होता त्याचा खर्च वाचला, आणि ज्याला झडप चालवावयाची होती त्याला कोणी विचारले नव्हते.

येथे एका रूढ हिशेबाविषयी सावध केले पाहिजे. खड्ड्यांच्या गंजाला पोलाद किती तोंड देईल याचा अदमास घेण्यासाठी क्रोमियमच्या टक्केवारीत मॉलिब्डेनमची ३.३ पट आणि नायट्रोजनची १६ पट मिळवून एक अंक काढतात. या सूत्रात गंधकाला जागाच नाही. त्यामुळे कागदावर ३०३ आणि ३०४ यांचा अंक जवळजवळ सारखा येतो, आणि कागदावर विसंबणारा मनुष्य समुद्रकाठी जाऊन पस्तावतो.

उपायांपैकी कारखान्याच्या हाती असलेला उपाय पॅसिव्हेशनचा. कातलेल्या भागाच्या अंगावर टूलमधून आलेले लोखंडाचे सूक्ष्म कण असतात. ते नायट्रिक आम्लात धुऊन काढून पापुद्रा निर्वेध धरू देणे हा त्याचा हेतू. परंतु ३०४ ला जे मानवते ते ३०३ ला मानवत नाही. साध्या सौम्य नायट्रिकमध्ये ३०३ किंवा ४१६ बुडविले तर कधी कधी क्षणात सारा पृष्ठभाग काळा पडतो आणि चांगला घाणा वाया जातो. म्हणून २० टक्के नायट्रिकमध्ये लिटरमागे सुमारे २२ ग्रॅम सोडियम डायक्रोमेट घालून त्याची विरघळविण्याची वृत्ती आवरावी लागते, आणि तापमान ५० ते ६० अंशांच्या दरम्यान ठेवून अर्धा तास द्यावा लागतो. याहून चांगली रीत तीन पायऱ्यांची आहे: आधी ५ टक्के कॉस्टिक सोड्याच्या ७० ते ८० अंश तापलेल्या द्रावणात अर्धा तास, मग धुऊन आम्ल, मग धुऊन पुन्हा तोच सोडा. शेवटच्या पायरीचे कारण ध्यानात घेण्यासारखे आहे: पृष्ठभागावरचे सल्फाइड आम्लात विरघळून जे खळगे राहतात त्यांत आम्ल दडून बसते, वरवरच्या धुण्याने निघत नाही, आणि डब्यात भरलेला माल गिऱ्हाइकाकडे पोहोचेपर्यंत आतून काम करीत राहते, अल्कलीने त्याचा बंदोबस्त होतो. डायक्रोमेट प्रकृतीला घातक, कर्करोगकारक आहे, म्हणून आता सायट्रिक आम्लाची रीत पुढे येत आहे, आणि कामगारांच्या हितासाठी ती यावीच. एवढे करूनही पॅसिव्हेशनने पृष्ठभागावरच्या कणांची व्यवस्था लागते. पोटातल्या कणांना त्याची खबरही नसते. काम नीट झाले की नाही हे पाहण्यासाठी भाग ३८ अंशांच्या दमट पेटीत चोवीस तास ठेवतात. मोरचुदाच्या द्रावणाची झटपट कसोटी ४१६ सारख्या कमी क्रोमियमच्या जातीवर करू नये, कारण निर्दोष भागही तेथे दोषी ठरतो.

या सर्वांवरून फ्री-कटिंग पोलाद त्याज्य आहे असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो मला मान्य नाही. उपकरणांचे दांडे, कुलपांचे अंतर्भाग, छपराखालच्या यंत्रांचे बुश आणि फिटिंग, विद्युत झडपांतील ४३०एफ चे चुंबकीय गाभे, अशा कोरड्या किंवा गोड्या पाण्याच्या जागी ते वर्षानुवर्षे बिनतक्रार चालते, आणि तेथे ३१६ चा आग्रह धरणे ही नुसती उधळपट्टी. उलट गंधक जितका कमी तितके बरे, हाही भाबडेपणा आहे. औषधांच्या कारखान्यांतल्या नळ्या ज्या ३१६एल च्या करतात, त्यांत वेल्ड होणाऱ्या टोकांसाठी गंधक ०.००५ ते ०.०१७ टक्के असाच मागतात. कारण गंधक अगदीच गेला तर वितळलेल्या धातूचा प्रवाह बदलतो, आणि वेल्ड खोल न जाता पसरट होतो. मधला मार्ग म्हणून युरोपात काही उत्पादकांनी ३०४ आणि ३१६ मध्ये गंधक न वाढविता कॅल्शियमच्या साहाय्याने आतले ऑक्साइडचे कण मऊ करून घेतले आहेत. कापताना तापून हे कण टूलवर लेपासारखे पसरतात. ३०३ इतकी सुलभता त्यांना येत नाही, पण क्लोराइडपुढे त्यांची अब्रू शाबूत राहते. माझ्या मते दमट किनाऱ्यावरच्या सामानासाठी आपल्याकडच्या कारखानदारांनी किंमत मोजूनही इकडे वळले पाहिजे.

खरेदीच्या टेबलावर बसणाऱ्यांसाठी एकच खूण सांगतो. स्टेनलेस बोल्टच्या माथ्यावर ए-२ किंवा ए-४ असे अक्षर-अंक ठोकलेले असतात. ए-२ म्हणजे ३०४ चे घराणे, ए-४ म्हणजे ३१६ चे. ए-१ असे दिसले तर तो गंधक घातलेला कातीव माल आहे. तो कपाटाच्या बिजागरीला खुशाल लावावा, होडीला लावू नये. सळईच्या बाबतीत माथा नसतो, म्हणून गिरणीचा दाखला मागावा, आणि त्यात क्रोमियम-निकेलचे ठळक आकडे वाचून दाखला मिटण्यापूर्वी गंधकाच्या रकान्यावर बोट ठेवावे. आराखड्यावर नुसते ‘एस.एस.’ लिहून कागद खाली पाठविणाऱ्या अभियंत्याला तो कागद परत करण्याचा अधिकार भांडारपालाला असावा, असे माझे स्पष्ट मत आहे.